मेसेजखालचे हात

कुकरचं झाकण घासताना मनगट नळाच्या तोटीला लागलं आणि टिच् असा एवढासा आवाज झाला. घर इतकं गप्प होतं की तो आवाज पार पुढच्या खोलीपर्यंत गेला असणार, असं शिवलीलाला वाटलं. तिनं नळ बंद करून कानोसा घेतला. तिची लेक गंगू दुपारच्या झोपेतच होती, एक पाय उशीवर टाकून. पुढं पलंगावर अप्पा, म्हणजे तिचे सासरे शरणबसप्पा, फोन छातीवर ठेवून पडले होते, आणि फोन त्यांच्या छातीवर पडल्या पडल्या कुणाचं तरी भाषण बारीक आवाजात बोलत होता. बेसिनच्या जाळीवर हिरव्या काचेचे दोन तुकडे होते. बांगडी वाढली, ती मनातल्या मनात म्हणाली. फुटली म्हणायचं नाही हे आईनं ढोकीला शिकवलं होतं आणि लग्न करून भूमला आल्यावर सासूनं, इरम्मा अव्वांनी, पक्कं करून घेतलं होतं. तिनं तुकडे वेचून कागदात गुंडाळले, हात पुसला आणि नेहमीच्या सवयीनं बानूबाईला फोन लावला. बानूबाई मणियारीण. चौकामागच्या बोळात तिचं एका फळीचं बांगड्यांचं दुकान होतं, पण या घरातल्या बायकांना ती दुकानात येऊ द्यायची नाही. बाजारच्या दिवशी टोपली घेऊन स्वतःच यायची, स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी बसून आधी चहा मागायची आणि मग हात मागायची.

"मावशी, शिवलीला बोलते. डाव्या हातातली एक वाढली बघा. तीन बाजार झाले, इकडं फिरकलाच नाहीत."

पलीकडं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. "न्हाई व्हायचं आता येणं."

"का, तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? तुमच्या घरानं आता दुसरीकडून घ्यायचं ठरवलंय न्हवं?"

"आमच्या घरानं? कोण म्हणालं असं?"

"तुमच्याच मोबाईलात हाय की. सुनंनं दाखवलं मला. खाली तुझं बी नाव हाय, हात जोडलेल्यांत." आणि लगेच बानूबाई म्हणाली, "ठेवते, गिऱ्हाईक आलंय." मशीन पुन्हा सुरू झालेलं शिवलीलाला ऐकू आलं, गिऱ्हाईक काही ऐकू आलं नाही.

दुपारी गंगू झोपली की संध्याकाळचा दूधवाला येईपर्यंतचा जो वेळ असतो तेवढाच शिवलीलाचा स्वतःचा. त्या वेळेत ती कामाचं असं काही करत नसे. कधी लिहायला बसायची आणि दोन ओळींवर थांबायची. बहुतेकदा भिंतीला टेकून फोन बघायची: कुणाची लग्नं, कुणाची नवी गाडी, कोण कुणाला काय म्हणालं, बारामतीत राहणाऱ्या मैत्रिणीची गॅलरीतली तुळस. बघून झालं की काय बघितलं ते आठवायचं नाही, फक्त डोळ्यांत एक कोरडेपणा उरायचा. आज तिनं तो सगळा पसारा ओलांडून घराच्या ग्रुपवर बोट ठेवलं. 'बसवकृपा परिवार'. चुलते, मावळणी म्हणजे आत्या, सोलापूरची मंडळी, पुण्याची मंडळी. अव्वा गेल्यानंतर नंदीशनं, तिच्या नवऱ्यानं, अप्पांना फोन घेऊन दिला आणि त्यांची सकाळ या ग्रुपवर उजाडायला लागली. उठले की आधी ते देवाचा एक फोटो पाठवायचे आणि मग दात घासायला जायचे. परत येऊन बघायचे, कोणी कोणी हात जोडले. या घराच्या सुनेनं सकाळी सासऱ्यांच्या पाया पडायची रीत होती. अव्वा होत्या तोवर ती चालली, नंतर गुडघ्यांचं आणि घाईचं निमित्त होऊन ती हळूच फोनवर गेली. अप्पांचा मेसेज आला की सुनांनी हात जोडायचे. एकदा शिवलीलाला दुपार झाली तर जेवताना अप्पा ताटाकडं बघत म्हणाले होते, "आज आपल्याच घरच्या हातांना लई काम लागलं वाटतं." रागानं नव्हते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात अशी काही एकटी धार होती की तेव्हापासून तिनं एकही सकाळ चुकवली नव्हती.

बोटानं वर वर सरकत ती तीन-चार आठवडे मागं गेली. हा होता. बर्फाचा डोंगर, त्यावर निळा महादेव, चंद्र. फोटोखाली मजकूर, चार ओळींनंतर तोडलेला आणि पुढं निळ्या अक्षरांत 'आणखी वाचा'. तिनं तिथं बोट ठेवलं. सणासुदीला बांगड्या, मेंदी, फळं, हार, सगळं फक्त आपल्याच माणसांकडून घ्या. आपला पैसा आपल्या घरात राहू द्या. ओळखीचे असले तरी भुलू नका. सहमत असाल तर हात जोडा. खाली जोडलेल्या हातांची ओळ होती. त्यावर बोट ठेवलं की नावं उघडत होती, आणि तिचं नाव वरून तिसरं होतं, गंगूच्या बारशातल्या फोटोसकट. फोटोत ती हसत होती आणि तिच्या हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता.

तिनं हा मेसेज वाचला नव्हता. म्हणजे, वाचला नव्हता असं ती स्वतःशी म्हणाली आणि तिथंच थांबली. त्या सकाळचं सगळं आठवत होतं. गंगूची वेणी चाललेली, फणी दातांत धरलेली, शाळेच्या रिक्षाचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी, आणि फोनच्या काचेवर खोबरेल तेलाचा अंगठा. पहिल्याच ओळीत 'बांगड्या' हा शब्द होता. तो तेव्हा दिसला होता, की आत्ता वाचल्यामुळं तेव्हाही दिसल्यासारखा वाटतोय, हे काही केल्या ठरेना. दिसला असेल तर अंगठा पुढं कसा गेला? नसेल दिसला, तर ती इतके दिवस कशाकशापुढं हात जोडत आली होती? तिनं आणखी मागं जाऊन बघितलं. गणपती, सुविचार, हळदीचे फायदे, कुठल्यातरी जळणाऱ्या बसचा व्हिडिओ, कुणाच्या तरी जातीवर एक विनोद, चुलत घरच्या शिवपुत्र भावजींचा नगरपरिषदेच्या निवडणुकीचा फलक, पुन्हा गणपती. सगळ्यांखाली तिचे हात. जळणाऱ्या बसखालीसुद्धा.

तिनं महादेवाखालच्या आपल्या हातांवर बोट ठेवलं. ते निघाले. ओळीतला आकडा एकानं उतरला आणि काहीच झालं नाही. कुणाला कळणार नव्हतं, कुणाचा फोन वाजला नव्हता. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्या सोपेपणाचाच तिला राग आला. ग्रुपमधल्या कुणीतरी त्या नावांचा फोटो काढून पुढं पाठवला असणार. बानूबाईच्या सुनेच्या फोनमध्ये जो जाऊन बसला होता त्यात ते हात तसेच राहणार होते.

राजकारण म्हटलं की तिला ढोकीचा साखर कारखाना आठवायचा. वडील तिथं टाईमकीपर होते आणि कारखान्याची निवडणूक आली की क्वार्टरच्या गल्लीतून जीप फिरायची, कर्ण्यातून छत्रीला मत द्या, मग तासाभरानं दुसऱ्या जीपमधून कपबशीला. मळीचा आंबूस वास आणि कर्ण्याची खरखर, दोन्ही मिळून तिच्यासाठी एकच ऋतू होता. माणसं स्टेजवर एकमेकांची उणीदुणी काढायची आणि संध्याकाळी एकाच लग्नात पंगतीला बसायची, असं ती पुण्याच्या मैत्रिणींना कौतुकानं सांगत आली होती. आता भिंतीला टेकून तिला वाटलं, आपण तेव्हा सात-आठ वर्षांच्या होतो, आपल्याला पंगतीतली बुंदी दिसत होती. कोण कुणाशेजारी बसत नव्हतं ते आपण कुठं बघितलं? एवढं मात्र खरं की तेव्हा निवडणूक रस्त्यावर यायची आणि खिडकी लावली की बाहेर राहायची. आता ती दुधाच्या हिशेबाच्या आणि शाळेच्या ग्रुपच्या मधे येऊन बसली होती, गंगूच्या वेणीत, अप्पांच्या उशीखाली. जिल्ह्याचं नाव बदललं त्या दिवशी याच ग्रुपवर केवढी धांदल उडाली होती. एका म्हाताऱ्या मावळणीनं सवयीनं जुनं नाव लिहिलं, तर पुण्याच्या पुतण्यानं तिला सगळ्यांदेखत सुधारलं आणि त्या बाईनं माफी मागून हात जोडले. शिवलीलाच्या पदवीच्या कागदावर जुनं नाव आहे, गंगूच्या शाळेच्या दाखल्यावर नवं. लिहिताना नवं येतं, बोलताना जुनं निघून जातं. तिला दोन्हींची अडचण वाटली नव्हती. अडचण वाटली होती ती मावळणीच्या त्या माफीची, आणि त्या माफीखालीही तिनं हातच जोडले होते, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नव्हतं.

अव्वा गेल्या त्या दिवशी बानूबाईला कुणी बोलावलं नव्हतं. सवाष्णीचं मरण, म्हणून ओटी भरायची, हिरव्या बांगड्या भरायच्या. पण पोरं त्यांना दवाखान्यातून घेऊन येईपर्यंत उशीर झालेला, अंग थंड पडलेलं, बोटं मिटलेली. जावा-भावजयांनी साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. दोन बांगड्या तिथंच तडकल्या आणि एक बाई रडत उठून गेली. मग दारातल्या गर्दीतून बानूबाई आत आली. तिनं अव्वांचा हात मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ नुसता चोळत बसली, करंगळीपासून एकेक बोट, मधेच फुंकर घालत, आणि चोळता चोळता त्यांच्याशी बोलत होती. "सोड गं इरम्मा, हात सोड. जन्मभर मला तंगवलंस, आता तरी सोड." बायका रडायच्या थांबून बघत राहिल्या. एकेक करून सगळ्या बांगड्या चढल्या, एकही वाढली नाही. अप्पा दारात खांबाला धरून उभे होते. बांगड्यांचे पैसे द्यायला कुणीतरी गेलं तर बानूबाई चप्पल शोधत म्हणाली होती, "तिच्याकडनं घेईन की वर गेल्यावर." हे शिवलीलानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्टच नव्हती ती.

ती फोन घेऊन पुढच्या खोलीत गेली. अप्पा जागे होते, फोन नाकाशी धरून.

"अप्पा, हा मेसेज तुम्ही वाचला होता का?"

"कोणचा?" त्यांनी तिच्या फोनकडं बघितलं. "हा व्हय. लई झ्याक फोटो हाय. शिवपुत्रानं पाठवलावता, म्या पुढं ढकलला."

"आणि खाली लिहिलंय ते?"

"खालचं बारीक कुठं दिसतंय मला? मोतीबिंदू पिकायला लागलाय म्हणला डॉक्टर. वाच की तू."

तिनं वाचलं. मनात वाचताना जे कागदासारखं कोरडं वाटलं होतं ते तोंडानं म्हणताना जड झालं. 'ओळखीचे असले तरी' या शब्दांशी तिचा आवाज एकदम खाली उतरला. अप्पांनी भाषण बंद केलं. "परत वाच," ते म्हणाले. तिनं परत वाचलं.

"पण फोटो तर महादेवाचा हाय," ते म्हणाले.

"बानूमावशी यायची नाही म्हणाली."

"कोण, बानू?" ते उठून बसले. "तिला म्हणावं, आपल्या घरात तसं काय न्हाई. निवडणुकीचं दिवस हाईत, चाललंय त्यांचं. चार दिवसांनी कोण इचारतंय?"

"तुम्ही सांगता का तिला?"

अप्पांनी फोन उशीशेजारी पालथा घातला. "म्या काय सांगू? नंदीशला इचार."

नंदीश खव्याची गाडी घेऊन फाट्यावर होता. तिचं बोलणं पुरतं ऐकायच्या आतच म्हणाला, "ग्रुपवर काय लिहू नको हां. शिवपुत्र अण्णा उभा राहिलाय, आधीच डोकं फिरलंय त्याचं. गुपचूप आपले हात काढून टाक, झालं."

"ते काढले."

"मग झालं की! मावशीला मी भेटतो ना निवांत. बरं, खवा तापतोय, ठेव."

ती परत भिंतीशी येऊन बसली. लिहिलं, पुसलं. कडक लिहिलं की शाळेतल्या बाईसारखं दिसायचं, मऊ लिहिलं की त्यात काहीच उरायचं नाही. 'कृपया असे मेसेज' एवढं लिहून तिला स्वतःचंच हसू आलं. या ग्रुपवर 'कृपया' फक्त लग्नाच्या पत्रिकेत यायचं. गंगूनं कूस बदलली. वेळ संपत आला होता. मग तिनं सरळ लिहिलं: "या मेसेजखाली मी हात जोडले होते. न वाचता जोडले होते, ते काढले आहेत. अव्वांना शेवटच्या बांगड्या बानूमावशींनी भरल्या, तुम्ही सगळे तिथं होतात. मी त्यांच्याकडूनच भरणार." आणि अंगठा ठेवला. या वेळी अंगठा ठेवताना तिला तो स्वतःचा आहे हे कळत होतं, थंडगार आणि थोडा ओला.

कुणी काही लिहिलं नाही. बघितल्याच्या खुणा एकेक करून वाढत गेल्या, सोलापूर, पुणे, शेजारची गल्ली. ती बघत राहिली. एकानं लिहायला घेतल्याचं दिसलं आणि थांबल्याचं दिसलं. मग एका चुलत सासऱ्यांनी संध्याकाळच्या शुभेच्छा पाठवल्या, गुलाबाचं फूल. त्या फुलाखाली भराभर हात यायला लागले. एवढ्या घाईनं ते कधीच येत नसत. पुढच्या खोलीत अप्पांचा फोन वाजला.

"हां, बोल शिवपुत्र... व्हय, वाचून दाखवलं मला नंदीशनं, फोनवर... आता सून हाय माझी, काय म्हणू तिला?... अरं, लेकरू हाय अजून ते... कुणाची मतं जातेत त्यानं?... बरं. बरं. सांगतो."

ते आत आले. स्वैपाकघरात ते सहसा येत नसत, उंबऱ्याशी थांबले. ती उभी राहिली, पदर सावरला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं, उत्तर तयार होतं.

"लिहिलंस ते लिहिलंस," ते म्हणाले. "त्याचं काय न्हाई एवढं. पण तुझ्या सासूला कशाला आणलंस त्यात?"

"अप्पा, खरं आहे ते."

"खरं हाय म्हणून चव्हाट्यावर मांडायचं व्हय? ती कशी गेली, तिची बोटं कशी मिटली होती... आता तिकडं पुण्याला बसून लोकं बोलत बसतेल त्यावर." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पण परत घातला नाही. "ते आमचं होतं गं," ते म्हणाले आणि पुढं गेले.

दूधवाल्यानं कडी वाजवली. तिनं पातेलं धरलं, दूध घेतलं, गॅसवर ठेवलं आणि उतू जाऊ नये म्हणून तिथंच उभी राहिली. लोक ग्रुपवर रोज मेलेल्यांना आणून उभं करतात, राजे, संत, शहीद, आणि त्यांच्या तोंडी आपलं म्हणणं घालतात. आपण वेगळं काय केलं? अव्वांचा हात बानूबाईच्या मांडीवर होता. तो आपण उचलून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरला, आपला हात निघावा म्हणून. आणि नसता धरला, तर? तर गुलाबाचं फूल आलं असतं, तेवढंच. दुधावर साय धरायला लागली. तिनं गॅस बारीक केला.

ऊन उतरल्यावर तिनं गंगूला उठवून तोंड धुतलं, केस विंचरले आणि चौकामागच्या बोळात निघाली. इतक्या वर्षांत त्या दुकानाची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. बानूबाई फळीवर बसून बांगड्यांना दोरे बांधत होती. बघून ती उठली, स्टूल पुढं केलं आणि पदरानं पुसलं.

"या वहिनी. बसा."

घरी आली की ती हिला लीला म्हणायची, लाडात आली की लिली, आणि चहात साखर कमी पडली की इरम्माची सून.

"मावशी, मी ग्रुपवर लिहिलं."

"लिवलंत? बरं केलंत."

"मी तो मेसेज वाचलाच नव्हता. अप्पांनी पण नाही. खरंच."

बानूबाईनं एक गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "न वाचता? मग हात कुणाला जोडले?" आणि उत्तराची वाट न बघता ती दोरे गुंडाळू लागली. "माझी सून नावं वाचत बसलीवती. म्या म्हणलं वाच, ऐकू दे. एकेक नाव ऐकत व्हते. ह्यांच्या पोरीचं लगीन, त्यांच्या सुनंचं डोहाळजेवण, समद्यांचे हात माझ्या वळखीचे. तुमचं नाव आलं तवा म्हणलं, बंद कर गं, भाकरी टाकायची हाय मला."

शिवलीला स्टुलाच्या कडेला टेकली. गंगू मात्र फळीवर चढून बसली होती आणि दोन्ही हात पुढं करून बोटं नाचवत होती. "बानूआजी, मला चमकीच्या!"

"आली का माझी शिवगंगाबाई! दात कुठाय वरचा? उंदरानं नेला?" बानूबाईचा आवाज एकदम पूर्वीचा झाला. तिनं पोरीचा हात मांडीवर घेतला, तळवा दाबला, अंगठ्याचं मूळ चोळलं. "ढिला सोड. नक्को गं, ताठ नक्को करू. हां, अशी." लाल चमकीच्या बांगड्या एकेक करून चढल्या. गंगू हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. दोन्ही हात भरून झाल्यावर बानूबाईनं पोरीच्या डोक्यावरून बोटं फिरवून कानशिलांवर मोडली.

मग शिवलीलानं आपला डावा हात पुढं केला. बानूबाईनं त्या हाताकडं बघितलं. चार बोटं अलीकडंच थांबला होता तो, तिच्या मांडीपर्यंत पोचला नव्हता.

"तुमच्या मापाच्या संपल्यात, वहिनी," ती म्हणाली. "माल आला की बघू."

तिच्या डोक्यामागं खुंट्या होत्या. डावीकडून दुसऱ्या खुंटीला शिवलीलाच्या मापाचे हिरवे जुडगे लोंबत होते, बोळातलं उतरतं ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. बानूबाईला माहीत होतं की ते तिला दिसताहेत. शिवलीलानं हात मागं घेतला. पोरीच्या बांगड्यांचे पैसे फळीवर ठेवले, बानूबाईनं ते कुठल्याही गिऱ्हाइकाचे घ्यावेत तसे घेतले, सुटे परत केले आणि म्हणाली, "सावकाश जा. गटाराचं झाकण उघडं हाय तिथं."

दोघी बोळातून बाहेर पडल्या. गंगू हात हलवून बांगड्या वाजवत चालली होती, मधेच उन्हात धरून बघत होती. फोन पर्समध्ये दोनदा थरथरला. शिवलीलानं तो काढला नाही. चौकात शिवपुत्र भावजींचा फलक लागला होता, हात जोडलेला. त्याच्या खालून जाताना गंगू थांबली आणि एक बांगडी मनगटावर मागंपुढं सरकवून बघायला लागली.

"आई."

"काय गं?"

"मी मोठी झाल्यावर ह्या घट्ट होतील ना, मग बानूआजी येईल का काढायला?"